झाकले दुखणे उघडे करणारी मार्टी मॅन

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी झाली. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी तरी लिहाव्यात असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला, तेव्हा मी कुरडया-पापडांची कृती लिहून देणार होते. माझी शाळा सातवीपर्यंत. थोरांची चरित्रे लिहिणे हे शिकल्यासवरल्या बायकांचे काम. पण मागच्या वर्षी एक गोष्ट घडली, ती मनातून जाईना, म्हणून हे धाडस करते.

आपली दारूबंदीची सभा आठवते ना? आपण सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाचा अर्ज द्यायचे ठरले. सभा संपली, चहा झाला, आणि नेहमीप्रमाणे दोघीतिघींच्या कनवटीतून मशेरीच्या डब्या निघाल्या. त्यात माझीही होती. माझी मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेते, ती त्या दिवशी बरोबर होती. घरी आल्यावर तिने मला सरळ विचारले, की पुरुषांच्या व्यसनावर सभा घेता, मग बायकांच्या व्यसनावर कधी घेणार? मला राग आला. मशेरी हे काय व्यसन झाले? आणि बायका कुठे दारू पितात? तेव्हा ती म्हणाली, असेच सगळ्या जगाला वाटत होते, आणि म्हणूनच कितीतरी बायका उपचारावाचून मेल्या. मग तिने रोज रात्री थोडे थोडे करून इंग्रजीतून एका अमेरिकन बाईची हकिगत वाचली आणि मला मराठीत सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते.

या बाईचे नाव मार्टी मॅन. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी तिच्या देशाची त्या वेळची स्थिती सांगायला हवी. अमेरिकेत दारूविरुद्ध बायकांनी फार मोठी चळवळ उभी केली होती. 1874 साली तिथे ख्रिस्ती बायकांचा मद्यपाननिषेधक संघ निघाला. फ्रान्सिस विलर्ड या पुढे त्याच्या अध्यक्ष झाल्या. आपल्या पंडिता रमाबाई 1886 ते 1888 या काळात अमेरिकेत होत्या. त्यांनी या बायकांचे काम जवळून पाहिले आणि पुढे आपल्या मराठी पुस्तकात त्याबद्दल आदराने लिहिले. नवरा पितो, पगार उडवतो, बायको-मुले उपाशी राहतात, हे दुःख तिथल्या बायकांनी वेशीवर टांगले. शेवटी 1920 साली साऱ्या देशात दारूबंदी झाली. ती 1933 पर्यंत टिकली.

चळवळ मोठी खरी, पण तिने लोकांच्या मनात दोन चित्रे पक्की बसवली. पिणारा तो पुरुष, आणि सोसणारी ती बाई. एखादी बाईच पीत असेल तर ती या चित्रात बसेना. मग ती एक तर वाईट चालीची ठरे, नाहीतर ती अस्तित्वातच नाही असे लोक धरून चालत.

मार्टीचा जन्म 15 ऑक्टोबर 1904 रोजी शिकागो शहरात झाला. तिचे पाळण्यातले नाव मार्गारेट. घर श्रीमंत. वडील शहरातल्या एका मोठ्या दुकानात बड्या हुद्द्यावर होते. मुलगी देखणी, हुशार आणि बोलकी. परंतु चौदाव्या वर्षी तिला क्षयाची बाधा झाली. तिला कॅलिफोर्नियात आरोग्यधामात ठेवण्यात आले आणि ती बरी झाली. हे दुखणे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे मार्टीच्या कार्याला याच रोगाचा दाखला उपयोगी पडला. त्या काळी क्षयसुद्धा घराण्याला बट्टा समजत. लोक तो लपवीत. आपल्याकडे तरी वेगळे काय होते? क्षयाच्या माणसाची भांडी वेगळी आणि गोष्ट पडद्याआड.

बरी झाल्यावर तिला उत्तम शाळांतून शिकवले, इटलीत फ्लॉरेन्सलाही पाठवले. दारूबंदीचाच तो काळ, पण श्रीमंतांच्या मेजवान्यांतून चोरून दारू वाहत होती. कायद्याने दुकाने बंद झाली, पिणे बंद झाले नाही. मार्टी प्यायला लागली ती अशा मेजवान्यांतून. आरंभी तिला दारू चढतच नसे. मित्रमंडळी आडवी झाली तरी ही ताठ उभी, आणि सगळ्यांना घरी पोचवण्याचे काम हिचेच. याचा तिला अभिमान वाटे. न चढणे हे धोक्याचे पहिले लक्षण असू शकते, हे तिला पुष्कळ वर्षांनी समजले.

1927 साली तिने न्यू ऑर्लिन्सच्या एका तरुणाशी विवाह केला. नवरा अट्टल पिणारा निघाला. वर्षभरातच काडीमोड झाला. पुढे वडिलांची संपत्ती बुडाली आणि मार्टीला पोटापाण्याला लागावे लागले. तिने मासिकांत काम केले. 1930 साली लंडनला जाऊन फोटोग्राफीचा धंदा काढला. काम चांगले चाले, परंतु दारू वाढत गेली. पूर्वी जी इतरांना घरी पोचवी, तिला आता सकाळी उठल्यावर हाताचे कापरे थांबवायलाच दारू लागू लागली. रात्रीचे काही आठवेनासे झाले. एकदा ती खिडकीतून खाली फरशीवर तोंडघशी आपटली. पडली की स्वतःच उडी टाकली, हे तिचे तिलाही धड सांगता येईना. हाडे बसवण्यात आणि चेहरा दुरुस्त करण्यात सहा महिने गेले. बरी होऊन उठली ती पुन्हा प्यायलाच लागली.

आपण वेडे होत आहोत अशी तिची खात्री झाली. 1936 साली ती न्यूयॉर्कला परतली. जवळ पैसा उरला नव्हता. एकामागून एक डॉक्टरांची दारे तिने ठोठावली, पण बहुतेकांनी तिला घेण्याचे नाकारले. दारुडा माणूस बरा होत नाही असे मोठमोठे डॉक्टरही समजत, आणि ही तर बाई. अखेर बेलव्ह्यू या सरकारी इस्पितळात डॉ. फॉस्टर केनेडी यांनी तिला ठेवून घेतले. तिथे ती काही महिने राहिली. पुढे कनेटिकट प्रांतातल्या ब्लाइदवुड नावाच्या आरोग्यधामात डॉ. हॅरी टीबाउट यांनी तिला बिनपैशाची दाखल करून घेतले. टीबाउट मनापासून झटले, परंतु वर्षभरात गुण येईना. मध्ये मध्ये ती बाहेर जाई आणि पिऊन येई.

1939 च्या आरंभी टीबाउट यांच्या हाती एका पुस्तकाचे टंकलिखित आले. चार वर्षांपूर्वी अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली होती. त्यांच्याभोवती अशीच माणसे जमली आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस नावाचा संघ झाला. एका व्यसनी माणसाने दुसऱ्याला आपली हकिगत सांगायची, आजचा दिवस पिणार नाही असे ठरवायचे, आणि नाव गुप्त ठेवायचे, अशी त्यांची रीत. त्यांचे हे पुस्तक. डॉक्टरांनी ते मार्टीला वाचायला दिले.

दारुडेपणा हा रोग आहे, ही गोष्ट तिने या पुस्तकात वाचली आणि तिचा जीव भांड्यात पडला. आपण वेड्या नाही, वाईटही नाही, आजारी आहोत. परंतु पुस्तकात देवाचे नाव फार होते, म्हणून तिने चिडून ते बाजूला टाकले. एके दिवशी कशावरून तरी ती रागाने बेभान झाली असता उघड्या पानावरच्या एका ओळीवर तिची नजर गेली. राग धरून जगता येत नाही, अशा अर्थाचे तिथे काही होते. ती गुडघ्यांवर बसली आणि रडली. त्यानंतर तिला हलके वाटले.

आता भगिनींनो, एक गंमत ऐका. हे पुस्तक पहिल्यांदा छापून निघाले तेव्हा त्याच्या मुखपृष्ठाखालच्या पानावर शंभरांहून अधिक पुरुष कसे बरे झाले, अशा अर्थाची ओळ होती. आत एक प्रकरण व्यसनी माणसांच्या बायकांना उद्देशून लिहिलेले होते. ज्याची बायको पिते त्या नवऱ्यासाठी मात्र प्रकरण नव्हते. हे सारे बायकांनाही लागू आहे, एवढे सांगून ते पुढे गेले होते. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे बाई आलीच नव्हती.

एप्रिल 1939 मध्ये मार्टी ब्रुकलिनमध्ये बिल विल्सन यांच्या घरी पहिल्या सभेला गेली. खोलीत बहुतेक सगळे पुरुष आणि त्यांच्या बायका. तिच्या आधी एक-दोन बायका येऊन गेल्या होत्या, पण टिकल्या नव्हत्या. मार्टीचे पाय जिन्यावरच अडखळले. परंतु सभेत ऐकलेली प्रत्येक हकिगत तिला आपलीच वाटली. आरोग्यधामात परतल्यावर तिने आपल्या सोबत्याला सांगितले, की आता आपण एकटे नाही. तरी पहिल्या दीड वर्षात ती दोन-तीनदा घसरली. दर वेळी परत सभेला आली.

तिच्यामागून आणखी बायका येऊ लागल्या, तेव्हा अडचणी दिसल्या. पुरुषांच्या बायकांना या बायका डोळ्यांसमोर नकोशा वाटत. आपल्या नवऱ्याने रात्री-अपरात्री एखाद्या पिणाऱ्या बाईच्या मदतीला जावे हे कोणाला आवडेल? पुरुष म्हणत, बायकांचे काही खरे नाही, त्या बऱ्या होत नाहीत. मार्टीने ते खोटे पाडले. बाईच्या मदतीला बाईनेच जावे असा प्रघात तिने घातला आणि कित्येकींना स्वतः हात धरून सभेला नेले.

इथून पुढे त्यांना मार्टीबाई म्हणायला हवे. 1944 साली त्यांच्या मनात एक विचार आला. क्षय आणि कर्करोग यांच्याबद्दल लोकांना शहाणे करणाऱ्या संस्था देशात होत्या. त्यामुळे लोक क्षय लपवीनासे झाले, आणि लपवीनासे झाले म्हणून वेळेवर दवाखान्यात जाऊ लागले. मग दारूच्या रोगासाठी अशी संस्था का नसावी? येल विद्यापीठातले जेलिनेक हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी पाठबळ दिले आणि ऑक्टोबर 1944 मध्ये न्यूयॉर्कला मार्टीबाईंच्या समितीचे कार्यालय सुरू झाले. हीच पुढे मद्यविकारावरची राष्ट्रीय परिषद झाली. त्यांनी लोकांपुढे तीनच गोष्टी ठेवल्या. मद्यासक्ती हा रोग आहे आणि मद्यासक्त माणूस रोगी आहे. त्याला मदत करता येते आणि तो मदतीच्या लायक आहे. हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, म्हणून ती साऱ्या समाजाची जबाबदारी आहे.

परंतु लोकांना हे पटावे कसे? मार्टीबाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि आपले नाव सांगून, मी स्वतः मद्यासक्त आहे असे बोलल्या. चांगल्या कपड्यातली, चांगल्या घरातली, मिसेस म्हणवणारी बाई असे बोलते हे ऐकून सभा थक्क होई. नाव गुप्त ठेवायचे ही त्यांच्या संघाची रीत, म्हणून काहींनी बोल लावला, आणि पुढे सभासद म्हणून नाव सांगणे त्यांनी थांबवले. पण आपला रोग त्यांनी लपवला नाही. गावोगावी शेकडो व्याख्याने दिली. 1950 साली सामान्य माणसाला समजेल असे या रोगावरचे पुस्तक लिहिले. व्याख्यान संपल्यावर एखादी बाई हळूच मागे थांबे आणि कानात आपले दुःख सांगे.

त्यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. प्रिसिला पेक या त्यांच्या जन्माच्या जोडीदारीण. दोघी अनेक वर्षे एका घरात राहिल्या. दारूविषयी हजारोंपुढे बोलणाऱ्या मार्टीबाईंना या नात्याविषयी मात्र त्या काळच्या समाजापुढे बोलता आले नाही.

जेलिनेक यांच्याबद्दलही एक सांगते. 1946 साली त्यांनी हा रोग पायरीपायरीने कसा वाढतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी संघाच्या सभासदांकडून प्रश्नावली भरून घेतल्या होत्या. बायकांनीही त्या भरल्या होत्या. पण त्यांची उत्तरे पुरुषांहून निराळी निघाली, म्हणून ती बाजूला ठेवून 98 पुरुषांच्या उत्तरांवर अभ्यास झाला. त्यातून निघालेले तक्ते पुढे कित्येक वर्षे दवाखान्यांच्या भिंतींवर लागले. उत्तरे निराळी होती, म्हणजे खरे तर तिथेच अधिक पाहायला हवे होते. घरातली बाई जेवताना सगळ्यांचे ताट वाढते आणि स्वतःचे मोजायला विसरते, तसेच हे.

मार्टीबाईंच्या डोळ्यांदेखत पुष्कळ पालटले. 1956 साली अमेरिकेच्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने मद्यासक्तीच्या रोग्यांना इस्पितळात घ्यावे असे ठरवले. 1970 साली हॅरोल्ड ह्यूज या सिनेटरांच्या खटपटीने उपचार आणि प्रतिबंधाचा कायदा झाला. हे ह्यूज स्वतः व्यसनातून उठलेले. 1976 साली मार्टीबाईंच्या परिषदेच्या वतीने वॉशिंग्टनमध्ये 52 नामांकित स्त्री-पुरुषांनी एका मंचावर येऊन आपण या रोगातून बरे झालो असे जाहीर केले. त्याच वर्षी सिनेटच्या समितीने बायकांच्या मद्यविकारावर वेगळी सुनावणी घेतली. 1978 साली माजी अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपले व्यसन उघड सांगितले. मार्टीबाईंनी एकटीने चाललेल्या वाटेवर आता वर्दळ झाली होती. 22 जुलै 1980 रोजी पक्षाघाताने त्यांचे देहावसान झाले. वय पंचाहत्तर.

आता माझ्या मुलीने शेवटी जे समजावले ते सांगते, कारण ते आपल्या कामाचे आहे. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश पुरुषापेक्षा कमी असतो. म्हणून तेवढीच दारू घेतली तरी बाईच्या रक्तात ती अधिक दाट होते. तिचे यकृत थोड्या वर्षांत आणि थोड्या दारूनेही बिघडते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पोटातल्या बाळालाही इजा होते. 1973 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा बाळांच्या विकाराला नाव दिले. म्हणजे बाईचा रोग जलद धावतो आणि लाजेपायी ती उपचाराला उशिरा पोचते. पोचली तरी मुले कोणाकडे ठेवू, घरी स्वयंपाक कोण करील, लोक काय म्हणतील, या विचारांनी अर्ध्यातून परतते. पुरुष दवाखान्यात असतो तेव्हा बायको डबा नेते. बायको असते तेव्हा डबा कोण नेतो?

हे वाचून तुम्ही म्हणाल, अमेरिकेचे अमेरिकेत. 2019 ते 2021 च्या सरकारी पाहणीत आपल्या देशात शंभरात जवळजवळ 19 पुरुष दारू घेतात असे निघाले, आणि बायका एकाहून थोड्या अधिक. तंबाखू मात्र शंभरात 38 पुरुष आणि 9 बायका घेतात. या नवांत आपली मशेरी आली. तंबाखू तव्यावर भाजून केलेली पूड ती. दात घासायला म्हणून सुरू करतो, मग दिवसातून चारदा घासतो, आणि नाही मिळाली तर डोके धरते, संडासला होत नाही. तोंडाचा कर्करोग तिनेही होतो. गरोदरपणी घेतली तर मूल कमी वजनाचे होते. घरातली सासू, नणंद, शेजारीण सगळ्याच घेतात, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. मी बावीस वर्षे घेतली.

आणखी एक लिहायचे होते. लिहू की नको म्हणून चार दिवस कागद तसाच ठेवला होता. आमच्या नात्यात एक बाई होत्या. नाव घालत नाही. त्यांचा नवरा फार पीत असे. त्याच्यासाठी घरच्यांनी शेताचा तुकडा गहाण टाकला, तीन वेळा उपचाराला नेले, आणि या बाई रोज सकाळच्या गाडीने डबा घेऊन गेल्या. तो सुधारला. पुढे त्यांचा मुलगा गेला. त्यांना रात्री झोप येईना. कपाटात राहिलेल्या बाटलीतले दोन घोट त्यांनी घेतले आणि मग ते सुटले नाही. घरात समजले तेव्हा त्यांना माहेरी पोचवून दिले. डॉक्टर कोणी विचारला नाही, शेत कोणी गहाण टाकले नाही. ज्याच्यासाठी त्यांनी डबे नेले तो एकदाही भेटायला गेला नाही. दोन वर्षांत त्या गेल्या. आम्ही लोकांना कावीळ झाली असे सांगितले. मीही तेच सांगितले. ते खोटेही नव्हते. डोळे हळदीसारखे झाले होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले. त्या बाईंची मूठ आम्ही शेवटपर्यंत झाकून ठेवली. मार्टीबाईंची हकिगत ऐकताना रोज रात्री मला त्यांचाच चेहरा दिसे.

आपल्याकडे आता मदत नाही असे नाही. पुण्याला अवचट दांपत्याने 1986 साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पुढे तिथे बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभागही निघाला. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात. पण तिथवर बाईला नेणार कोण? म्हणून आपल्या मंडळाने पुढील वर्षी दोन गोष्टी कराव्यात, असे मी सुचवते. एक, महिन्यातून एक दिवस आरोग्यसेविकेला बोलावून सगळ्यांची तोंडे तपासून घ्यावीत. त्यात मशेरीवाल्या पहिल्या. दोन, आपल्यापैकी कोणाच्या घरी बाई उपचाराला गेली, तर तिच्या घरचा स्वयंपाक आणि मुले आपण पाळीपाळीने सांभाळावी, आणि तिला डबा न्यावा.

मी मशेरी सोडून आज सात महिने झाले. मधे एकदा, भाचीच्या लग्नात, घसरले होते. ते धरून सांगते. ज्या कोणाला सोडायची असेल, आणि मशेरीहून मोठे काही सोडायचे असेल तरी, तिने माझ्याकडे दुपारी दोननंतर यावे. त्या वेळी घरात मी एकटीच असते.